पाण्यात न उतरता नुसत्या शेवाळाच्या हवेने खोकला होतो का?

भरतीओहोटी: मंडळी, समुद्राचं पाणी सध्या तांबूस झालंय आणि मेलेले मासे काठाला लागतायत, त्यामुळे पाण्यात कुणीच जात नाही. पण बाबा नुसते काठावर जाऊन बसले तरी थोड्या वेळात घसा खवखवायला लागतो, डोळ्यांतून पाणी, कोरडा खोकला, आणि घरात आले की हळूहळू कमी होतं. त्यांना दमा आहे म्हणून जास्त काळजी वाटते. पाण्याला हातसुद्धा न लावता असं होऊ शकतं का?

खारावारा: होऊ शकतं, अगदी हीच लक्षणं असतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर कॅरेनिया ब्रेविस नावाच्या एकपेशी शेवाळामुळे हे वारंवार होतं. त्याची पेशी नाजूक, लाट फुटली की तीही फुटते, आतलं ब्रेव्हेटॉक्सिन नावाचं विष पाण्यात उतरतं आणि फेसाचे बुडबुडे फुटताना बारीक तुषारांबरोबर हवेत जातं. वारा जमिनीकडे असला की ते थेट आपल्या नाकातोंडात. हे विष मज्जातंतूंमधल्या सोडियम चॅनल्सना, म्हणजे सोडियम आत सोडणाऱ्या बारीक दारांना, उघडंच ठेवतं म्हणून श्वासनलिका आवळतात. तिथे दम्याच्या लोकांना तासभर किनाऱ्यावर थांबवून आधी आणि नंतर फुंकायची टेस्ट केली होती, तर नंतरचे आकडे खाली आले होते. निरोगी माणसाला बहुतेक वेळा तिथून निघालं की बरं वाटतं, दमेकऱ्याचा त्रास मात्र पुढे काही दिवससुद्धा राहू शकतो, म्हणून बाबांना सध्या तिकडे अजिबात नेऊ नका प्लीज.

तळ्याकाठी: फक्त फ्लोरिडातच नाही हं, इटलीत जेनोवाला २००५ मध्ये ऑस्ट्रिओप्सिस नावाच्या शेवाळामुळे सुमारे २०० जणांना ताप, खोकला, धाप लागून डॉक्टर गाठावा लागला होता, आणि त्यातले काही जण तर फक्त किनाऱ्यावर होते. गोड्या पाण्यातलं प्रकरण वेगळं, तिथे निळं-हिरवं शेवाळ म्हणजे खरंतर सायनोबॅक्टेरिया, त्यांचं मायक्रोसिस्टिन नावाचं विष यकृतावर जातं. अशा पाण्यावर बोटीत फिरलेल्यांच्या नाकातल्या स्वॅबमध्येही ते सापडलंय, त्यामुळे तुषार उडवणारे खेळ तिथे नकोतच. काठावर कुजणाऱ्या शेवाळाच्या ढिगाऱ्यापासूनही लांब राहा, सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो जास्त झाला तर माणूस बेशुद्ध पडतो.

भरतीओहोटी: बापरे, आजपासून फिरणं बंद. पण घर किनाऱ्याजवळच आहे, मग मास्क लावला तर चालेल का?

खारावारा: एन९५ नीट घट्ट बसला तर तुषार बऱ्यापैकी अडतात, पण डोळ्यांची चुरचुर थांबणार नाही. समुद्राकडून वारा असेल तेव्हा खिडक्या बंद ठेवा आणि एसी असेल तर लावा, त्याचा फिल्टर साफ आहे ना तेही बघा. इन्हेलर हाताशी हवाच, आणि त्याने दम खाली बसला नाही किंवा बोलताना धाप लागली तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल. डॉक्टरांना पाण्याचा रंग आणि मेलेल्या माशांचं आवर्जून सांगा, नाहीतर साधी सर्दी समजून औषध देतील.