ओपन माइकला गाणाऱ्यानेच पैसे का मोजायचे?

खर्ज (धागाकर्ता):
परवा इथे ओपन माइकच्या (नाव नोंदवून कोणीही पाचेक मिनिटं गावं, वाचावं असा कॅफेतला कार्यक्रम) एका आयोजकांनी लिहिलं होतं, "२५० रुपये नोंदणी ज्यांना जड जाते त्यांनी घरी आरशासमोर गावं. स्टेज फुकट मिळत नाही." त्याखाली उत्तर लिहायला बसलो तर ते मूळ लेखाहून लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

पुण्यातल्या कोथरूड-औंध-बाणेरच्या कॅफेंपुरतं बोलू. मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी जिथे चार टेबलं भरत नाहीत तिथे २० सादरकर्ते येतात. २० गुणिले २५०, म्हणजे ५,००० रुपये आयोजकाकडे. प्रत्येकाबरोबर एखाद-दोन मित्र येतात, ते कॉफी-सँडविच घेतातच, तो गल्ला कॅफेचा. म्हणजे गिऱ्हाईक गाणाऱ्याने आणायचं, कार्यक्रम त्यानेच करायचा आणि वर पैसेही त्यानेच द्यायचे.

बदल्यात काय, तर जाहिरातीत पाच मिनिटं आणि प्रत्यक्षात तीन. हे का होतं ते साध्या हिशेबात दिसतं. १५ नावं, प्रत्येकी ५ मिनिटं म्हणजे ७५. मधल्या १४ अदलाबदली, दर वेळी वायर काढा-घाला, स्टँड वर-खाली, निवेदन मिळून ३ मिनिटं, म्हणजे ४२. एकूण ११७, दोन तासांत बसतं. हेच २८ नावं घेतली की १४० अधिक ८१, म्हणजे पावणेचार तासांना जेमतेम चार मिनिटं कमी. कॅफे साडेसात ते साडेदहा मिळालेला असतो. मग नववा-दहावा माणूस गात असताना मागून "शेवटचं कडवं, प्लीज" अशा खुणा सुरू होतात. २८ नावं घेताना हा हिशेब कळत नाही असं मी मानत नाही. प्रत्येक जादा नाव २५० रुपयांचं असतं, म्हणून ते घेतलं जातं.

तिसरी घंटा:
अर्धाच हिशेब मांडलात. मी हे कार्यक्रम घेते, उरलेला अर्धा मी सांगते. बहुतेक कॅफे किमान बिलाची हमी मागतात. तेवढं बिल झालं नाही तर फरक आयोजकाच्या खिशातून. दोन पॉवर्ड स्पीकर, आठ चॅनलचा मिक्सर (सगळ्या माइक-वाद्यांचे आवाज एकत्र करणारं यंत्र), तीन माइक, स्टँड आणि ते लावणारा माणूस, हे भाड्याने येतं. पोस्टर, छायाचित्रं, सूत्रसंचालकाचा प्रवास वेगळा. ५,००० मधून हे सगळं गेल्यावर उरतं ते सांगण्यासारखं नसतं.

आणि नोंदणी फुकट ठेवून पाहा. फॉर्म भरणारे निम्मे येतच नाहीत, कळवतही नाहीत. जास्तीची नावं घेतली जातात ती या गळतीच्या अंदाजाने. आणखी एक: आपली पाच मिनिटं झाली की गिटार पिशवीत घालून मित्रांसकट निघून जाणारे. शेवटच्या पाच जणांनी कोणासमोर गायचं?

बदलापूर लोकल:
निघून जाण्यावर दर वेळी हीच टीका होते, म्हणून लिहितो. मुंबईत ओपन माइक अंधेरी-वर्सोवा-खारला. गाणारे, कविता वाचणारे, स्टँडअपवाले राहतात डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेलला. अंधेरीहून दादर, तिथे पूल ओलांडून मध्य रेल्वे, मग बदलापूर. पावणेअकराला बाहेर पडलेला माणूस शेवटच्या गाड्यांच्या भरवशावर असतो. त्याला उर्मट म्हणू नका.

उपाय आयोजकाच्याच हातात आहे. क्रम आदल्या रात्री कळवा आणि लांबचे लोक पहिल्या तासात घ्या. त्याऐवजी जागेवर चिठ्ठ्या काढतात आणि कोणाचा नंबर कधी ते शेवटपर्यंत सांगत नाहीत, कारण नंबर माहीत नसला की माणूस बसून राहतो. सोबत दोन प्रेक्षक आणा तरच स्पॉट, ही अट तर नोंदणी शुल्कापेक्षा वाईट. बदलापूरहून आठवड्याच्या मधल्या वारी कोण दोन मित्र आणणार?

मुक्तछंद:
मला शुल्काचं तत्त्वच मान्य नाही. कवितेला काय लागतं? एक माइक, एक स्टँड. वाङ्मय मंडळात, संमेलनाच्या कवीकट्ट्यावर कविता वाचल्याबद्दल कवीकडे सहसा नोंदणीचे पैसे मागत नाहीत. इथे कवीही २५० देणार आणि गिटार, कहोन (बसून वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य), दोन गायक असा चौघांचा बँडही एक नाव म्हणून २५० देणार. मग कवींच्या पैशातून कोणाचा साउंड लागतो?

तिसरी घंटा:
@मुक्तछंद, संमेलनाला शासनाचं अनुदान असतं, देणग्या असतात. कॅफेला कोण देतं? आणि पाच मिनिटांच्या वेळेत "आता फक्त एक छोटीशी" म्हणत तिसरी कविता काढणारे कवीच असतात. गायकाचं गाणं निदान संपतं.

फेडर:
शुल्क घ्या, नका घेऊ, पण घेतलंत तर त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. भांडण चाललंय पैशांवर आणि लोक घरी जाताना म्हणतात "शिट्टी फार वाजत होती". त्यावर कोणीच बोललं नाही.

कॅफेत स्पीकर कुठे लावतात? भिंतीला, गाणाऱ्याच्या पाठीमागे, कारण पुढे टेबलं हवीत. स्पीकरचं तोंड माइकच्या तोंडात. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो, मग आवाज वाढवला की शिट्टी येणारच. दोन्ही स्पीकर माइकच्या ओळीच्या निदान फूट-दोन फूट पुढे हवेत, त्यासाठी दोन टेबलं कमी झाली तरी चालतील. मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) असेल तर कुठला माइक आहे ते आधी पाहा. एसएम ५८ (शुअर कंपनीचा गाण्याचा माइक) कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरून ऐकतो, बरोबर मागून सर्वांत कमी, म्हणून मॉनिटर थेट त्याच्या शेपटीसमोर. बीटा ५८ सुपरकार्डिऑइड, तो मागूनही थोडं ऐकतो, तिथे मॉनिटर तिरका ठेवावा लागतो. एसएम ५८ च्या नावाखाली नकलाही फार फिरतात. अस्सल माइक २९८ ग्रॅमचा असतो, वायर काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलात तर संशय फिटतो.

आणि कवी-रॅपर मंडळींनो, माइकची जाळी मुठीत धरू नका. मागून येणारा आवाज ज्या फटींमुळे खोडला जातो त्याच तुम्ही बुजवता. माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. मग खापर साउंडवाल्यावर.

खर्ज:
साउंडवाल्यावर खापर फुटतं कारण गिटारला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणारी डबी) नसतो. पिएझो पिकअपची (तारांची कंपनं पकडणाऱ्या सेन्सरची) गिटार थेट मिक्सरच्या लाइनमध्ये, तीही दहा मीटरच्या वायरीने. मग ती डब्यातून आल्यासारखी टणटण वाजते. भाड्याच्या यादीत एक डीआय घालायला किती लागतं?

फेडर:
डीआय हवाच, मान्य. पण गिटारवाल्यांचंही ऐका. प्रीअँपची (गिटारीतच बसवलेल्या, आवाज वाढवणाऱ्या सर्किटची) ९ व्होल्टची बॅटरी बहुतेक गिटारींत जॅक घातला की चालू होते. जॅक लावूनच गिटार ठेवलेली असते, मग कार्यक्रमाच्या वेळी आवाज फाटतो आणि हा म्हणतो "चॅनल खराब आहे". जॅक उपटण्याआधी चॅनल म्यूट करायचा असतो, नाहीतर जो धडाका बसतो तो ट्वीटरला (स्पीकरच्या उंच स्वरांच्या भागाला) सोसत नाही. कॅफेत गिटार घुमते ती बहुधा १०० ते २०० हर्ट्झच्या आसपास, कारण तिची पेटीच तिथे गुंजते. लो-कट (खालचे घुमणारे स्वर कापणारं बटण) दाबा, भोकाला रबरी झाकण लावा, स्पीकरकडे तोंड करून बसू नका. आणि घूं आवाज आला म्हणून लॅपटॉपच्या चार्जरची अर्थिंगची पिन कोणी तोडू नका, शॉक बसतो. त्यासाठी डीआयवर ग्राउंड लिफ्टचं (वायरीतला अर्थिंगचा जोड सोडवणारं) बटण असतं.

एकतारी:
गिटार, गिटार, गिटार. पेटी-तबला घेऊन येणाऱ्याचं काय? फॉर्ममध्ये "वाद्य" या रकान्यात गिटार, युकुलेले, कीबोर्ड आणि "इतर". हे मराठी शहरातले कार्यक्रम आहेत आणि आपली वाद्यं "इतर" मध्ये!

बैठकीला चौथरा नसतो, चारपाईसारखं काहीतरी ओढून देतात. बुटके बूम स्टँड (आडव्या दांडीचे) नसतात, मग उंच स्टँड कमरेत वाकवून ठेवतात आणि तो पहिल्याच आवर्तनात खाली बसतो. पेटीला एकच माइक आणि तोही भात्याच्या अंगाला, त्यामुळे सुरांपेक्षा भात्याची फुसफुस जास्त ऐकू येते. माइक वरून हवा, पट्ट्यांच्या मागच्या जाळीकडे, वीतभर अंतरावर. तबल्याला एकच माइक मिळणार असेल तर दोहोंच्या मधोमध वीतभर वर. डग्ग्याला चिकटवला की नुसता धमधमाट.

सर्वांत मोठी चूक पट्टीची, म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीला सा धरतात तिची. "तबला जागेवर मिळेल" असं जाहिरातीत लिहितात. कुठल्या पट्टीचा? तबला काळी एकला लावलेला असतो आणि गाणारी काळी चारची. पुडी (तबल्याचं कातडं) तेवढी चढत नाही, ताणली तर फाटते. दोन वेगळे तबले लागतात. हे माहीत नसताना जाहिरात करूच नये.

तिसरी घंटा:
@एकतारी, पाच मिनिटांच्या स्लॉटसाठी बारा मिनिटं मांडामांड होते तेव्हा बाकीचे १९ जण माझ्याकडे बघत असतात. एक माणूस बसणार, दुसरा तबल्याला हातोडी मारत राहणार, कॅफेतले लोक बिल मागणार. बैठकीच्या लोकांनी आपल्या मैफली कराव्यात असं मला खरंच वाटतं.

एकतारी:
हे वाक्य परत वाचा. पैसे घेताना सगळे कलाकार, मांडताना आम्ही अडचण? बारा मिनिटं लागतात कारण तुम्ही आम्हाला नवव्या आणि सतराव्या क्रमांकावर टाकता. पेटी-तबल्याचे सगळे एका रांगेत घ्या, मध्यंतरानंतर लगेच. मांडणी मध्यंतरातच होते, माइक एकदाच लागतात, तबला सूत्रसंचालक बोलत असताना सुरात लावून होतो. वेळ वाचतो, भांडण मिटतं.

फेडर:
एकतारींचं हे बरोबर आहे, मलाही तेच सोयीचं. त्यात भर: गाण्याचा माइक आणि पेटीचा माइक जवळजवळ ठेवले की दोन्हींत तोच आवाज किंचित पुढे-मागे शिरतो आणि पोकळ ऐकू येतं. तोंड माइकपासून चार बोटांवर असेल तर दुसरा माइक पहिल्यापासून निदान त्याच्या तिप्पट लांब ठेवा. आणि ट्रॅकवर (रेकॉर्ड केलेल्या साथीवर) गाणाऱ्यांनो, ब्लूटूथ नको. फोन फ्लाइट मोडवर, ट्रॅक डाउनलोड केलेला, आणि वायर. अंतऱ्यात कोणाची तरी रिंग स्पीकरवर वाजते, तेव्हा दोष मिक्सरचा नसतो.

मुक्तछंद:
ट्रॅकचा विषय निघालाच आहे तर त्याचा परवाना कोण काढतं? रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो. नुसत्या गिटारवर दुसऱ्याचं गाणं गायलं तरी शब्द आणि चाल यांचा हक्क उरतोच. गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत हक्काखाली. तो परवाना घ्यायचा जागेने किंवा आयोजकाने, गाणाऱ्याने नव्हे. २५० मध्ये तो धरलाय का?

तिसरी घंटा:
मोठ्या जागांकडे आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचा) परवाना असतो, लहान कॅफेंकडे बहुधा नसतो, हे खरं आहे. म्हणूनच मी स्वतःच्या रचनांना आधी जागा देते. कविता वाचणाऱ्यांना कायद्यात थोडी मोकळीक आहे, छापलेल्या साहित्यातला बेताचा उतारा जाहीर वाचता येतो. आख्खा संग्रह नाही.

खर्ज:
आता पैशांकडे या. माझी मागणी लहान आहे. फॉर्मवरच लिहा: किती नावं घेणार, किती मिनिटं, कुठला साउंड, खर्च किती. आणि व्हिडिओ. मोबाइलवर काढलेला, त्याच्याच माइकचा आवाज, भांड्यांचा खणखणाट, आणि त्याचे ३०० वेगळे. मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून एक वायर काढली असती तर तो व्हिडिओ कामाचा झाला असता. वर तो आयोजकाच्या चॅनलवर न विचारता चढतो. स्टँडअपवाल्याचा कच्चा विनोद असा बाहेर गेला की त्याला तो पुन्हा वापरता येत नाही.

बदलापूर लोकल:
व्हिडिओच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. शुल्काऐवजी अनामत ठेवा. २०० घ्या, हजर राहिला तर १५० परत. न येणाऱ्यांची गळती त्यानेच थांबते, तेवढ्यासाठी २५० कायमचे कापायची गरज नाही.

तिसरी घंटा:
अनामतीतून साउंडचं भाडं निघत नाही, ते मला कॅफेकडूनच मागावं लागेल, आणि लहान कॅफे नाही म्हणणार. तरी मधल्या वारी जिथे गल्ल्यात वाटा देतात अशा एखाद्या जागी हे करून बघायला तयार आहे. नावं १६ वर थांबवीन. व्हिडिओ न विचारता चढवणार नाही, हे लिहून देते. शुल्क पूर्ण बंद करा म्हणाल तर नाही. आणि @बदलापूर लोकल, फॉर्ममध्ये "कुठून येणार" हा रकाना घालते, लांबच्यांना पहिला तास.

खर्ज:
१६ नावं खरंच पाळलीत तर पुढचं बोलू. २५० योग्य आहेत असं मी अजूनही म्हणत नाही.

एकतारी:
फॉर्म बदलणारच आहात तर "पट्टी" असाही एक रकाना घाला. आणि पेटी-तबला "इतर" मधून बाहेर काढा.