मे महिन्यात गावी जमताय तर...

कोकणातल्या मूळ घरी मेमध्ये सगळी भावकी जमवायची, असं ठरवत असाल तर झकास! पण आधी विहीर बघून या. मेमध्ये तळ दिसायला लागतो आणि मुंबईकर शॉवरच्या हिशोबाने आंघोळी करतात. आम्हाला दुसऱ्याच दिवशी टँकर सांगावा लागला होता.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे मार्चमध्येच माणसं पक्की करा. "बघतो, कळवतो"वाल्यांना धरूच नका.

जेवणाला आचारी सांगा. नाहीतर सुना चुलीपाशी आणि पुरुष मंडळी पडवीत पत्ते कुटत बसणार. मग संमेलन नक्की कुणाचं? वंशावळ लावणार असाल तर मुलींचीही नावं घाला. आमच्या आत्याने तक्त्यात स्वतःचं नाव नाही बघून तिथेच पेनाने, चांगलं ठळक लिहिलं. कुणाची बोलायची हिंमत झाली नाही.

सातबाऱ्याचा विषय मात्र या दोन दिवसांत कटाक्षाने टाळा. पंगतीत वाटण्या निघाल्या की आमरसही कडू लागतो. आणि ग्रामदेवतेची ओटी सकाळी लवकर भरा, उन्हं चढल्यावर म्हाताऱ्यांना घाटी चढवत नाही.