डॉक्टर आईशी बोलतच नाहीत, ती मनाने खचत चाललीये. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईला (वय 61) जानेवारीत स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, केमोच्या दोन सायकली झाल्या, दर 21 दिवसांनी जातो. तब्येतीने तिने बरंच सोसलंय, पण मनाने ती पार खचलीये.

डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, सगळेच सांगतात. अडचण केबिनमधली आहे. पाच मिनिटं मिळतात. त्यात ते कॉम्प्युटरकडे बघत दादाशी बोलतात, तेही निम्मं इंग्रजीत. आई स्टुलावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली असते. मागच्या वेळी तिने "डॉक्टर, एक विचारू का?" म्हटलं, तर "आजी, टेन्शन घेऊ नका, मुलांना सांगितलंय सगळं" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तीन आठवड्यांपूर्वी तिची उशी झटकताना खाली रिपोर्टची झेरॉक्स सापडली. 'ग्रेड 3' आणि 'पॉझिटिव्ह' या शब्दांखाली पेन्सिलीच्या रेघा. आई सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचते. तिने अर्थ लावला की तिसरी स्टेज आहे आणि आम्ही लपवतोय. स्टेज दुसरी आहे. रोग कुठवर पसरलाय ते स्टेज सांगते; ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते. आणि ते 'पॉझिटिव्ह' हार्मोन रिसेप्टरचं होतं, म्हणजे गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी; त्यामुळे केमोनंतर काही वर्षं रोज गोळी घेऊन रोग उलटण्याचा धोका कमी करता येतो. त्यातल्या त्यात दिलाशाचीच गोष्ट. पण कोविडमध्ये शेजारचे काका पॉझिटिव्ह आले ते घरी परतलेच नाहीत. तिच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ तोच.

या दोन शब्दांवर तिने दीड महिना काढला. रात्री अडीचला उठून ओट्यापाशी डबे पुसत उभी असते. पैठणी वहिनीला देऊन टाकली, पाटल्या कुणाला तेही सांगून झालंय. मी रिपोर्टचा अर्थ समजावला तेव्हा म्हणाली, "तू माझी लेक, तू असंच म्हणणार." तिला ते डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायचंय.

आमचीही चूक आहे. तिच्यासमोर कॅन्सर शब्द काढू नका, असं दादानेच डॉक्टरांना सुरुवातीला सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे केस गेलेले तिला दिसत होते. कळायचं ते तिला तेव्हाच कळलं असणार.

माझी भाची एमबीबीएसला आहे. 2019 पासून त्यांच्या अभ्यासक्रमात पेशंटशी कसं बोलायचं हेही शिकवतात. वाईट बातमी देण्याआधी 'तुम्हाला आत्तापर्यंत काय माहीत आहे?' असं पेशंटला विचारायचं, असं ती सांगत होती. हा प्रश्न आईला आजवर कुणीच विचारला नाही. मी धरून.

इथे कुणी यातून गेलं असेल तर सांगा. डॉक्टरांना न दुखावता आईशी थेट बोलण्यासाठी दहा मिनिटं कशी मागायची? दादा म्हणतो, ते चिडले तर उपचारांवर परिणाम होईल. मला तसं वाटत नाही, पण भीती आहेच. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत माहिती मिळण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क दिलाय, तो मला माहीत आहे. केमो चालू असताना तसं मत घ्यायला कुणी गेलंय का? आधीच्या डॉक्टरांना ते कसं सांगितलंत?

दुसरं, मानसोपचाराचं नाव काढलं की आई म्हणते, "मला काय वेड लागलंय?" टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत नंबरवर मी स्वतः बोलले, मराठीत नीट ऐकून घेतलं. पण आईने फोन हातात घेतला नाही. टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सरच्या पेशंटच्या मनासाठी वेगळे डॉक्टर असतात. कराड-सांगली-कोल्हापूर भागात असं कुणी बघतं का?

काल तिला विचारलं, डॉक्टरांना तुला नेमकं काय विचारायचंय? बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "यंदा लोणच्याच्या कैऱ्या नेहमीएवढ्या आणू का, एवढंच विचार."

तिसरी सायकल येत्या मंगळवारी आहे. हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून आईच्याच हातात द्यावा, की आधी मी एकटीने डॉक्टरांना भेटून यावं?