हरताळ : पाळायचा की फासायचा?

परभणी : पुस्तकात ‘६ एप्रिल १९१९ला देशभर हरताळ पाळला’ असं असतं आणि बातमीत ‘नियमांना हरताळ फासला’. एकाच शब्दाला दोन क्रियापदं कशी काय?

अंबाजोगाई : शब्द दोन आहेत, दिसतात सारखे. फासतात तो संस्कृत हरिताल, पिवळं खनिज. पोथीत चुकलेल्या अक्षरावर त्याचा लेप द्यायचे, अक्षर झाकून जायचं. पाळतात तो गुजरातीतला हडताल : हाट म्हणजे बाजार, त्याला ताळं, आपलं टाळं. रौलट कायद्याविरुद्धच्या त्या दिवशी गांधींनी उपवासही सांगितला होता. व्रत पाळतात, सुतक पाळतात, त्याच ओळीत हरताळ बसला.

जालना : मग हा शब्द पेठेचाच. पेरणीला टाळं कसं लावणार? बहिष्कार गिऱ्हाइकानं घालायचा, हरताळ दुकानदारानं पाळायचा. १९०५ला पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली ती बहिष्काराची.

परभणी : आणि संप?

जालना : तो कामगाराचा. हरताळात मालकच शटर ओढतो. सगळे खुशीनं ओढायचे असं मात्र नाही. १७ नोव्हेंबर १९२१ला इंग्लंडचे युवराज मुंबईत उतरले, त्या दिवशीच्या हरताळात स्वागताला गेलेल्यांना मारहाण झाली, दंगल पेटली. पारशी, ख्रिस्ती लोकांनी मार खाल्ला. हे सांगताना आपण जरा घाईनं पुढं जातो.

लातूर : बहिष्कार शब्दाचंही बघा ना. गावात त्याचा अर्थ वाळीत टाकणं. पाणी बंद, न्हावी बंद, बोलणं बंद. शहरातल्या शिकलेल्यांनी तेच हत्यार सरकारवर उगारलं, पण गावातला बहिष्कार काही थांबला नाही. बाबासाहेबांनी १९२४ला सभा काढली ती ‘बहिष्कृत हितकारिणी’, १९२७ला पत्र काढलं ते ‘बहिष्कृत भारत’. एकाच काळात एकच शब्द, एकाच्या हातात आणि दुसऱ्याच्या पाठीवर.

अंबाजोगाई : बरोबर. आपल्याकडं तर समोर निजाम, इंग्रज त्याच्या मागं. म्हणून मराठवाड्यात बहिष्कार कापडापेक्षा वर्गावर आणि कोर्टावर जास्त दिसतो. १९३८ला औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी घातली म्हणून पोरांनी वर्ग सोडले. काढून टाकलेल्यांना नागपूर विद्यापीठानं घेतलं. पुढं १९४७ला कितीतरी वकिलांनी कोर्टाची पायरी चढायचं सोडलं.

लातूर : जालनेकर, पेरणीला टाळं लागत नसेल, पण निजामाविरुद्धच्या त्याच लढ्यात खेड्यांनी लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायचं धान्य द्यायला नकार दिला, ज्यांच्या ताडीवर सरकार कर घ्यायचं ती शिंदीची झाडं तोडली, करोडगिरीची म्हणजे जकातीची नाकी जाळली. सरकारचा महसूलच अडवला की. त्याला हरताळ कुणी म्हटलं नाही, एवढंच.

जालना : हे मान्य.

परभणी : म्हणजे ‘व्यापाऱ्यांनी हरताळ फासला’ हे चूक?

अंबाजोगाई : कोणत्या गोष्टीला फासला ते लिहा, मग बरोबर. नुसती दुकानं बंद ठेवली असतील तर ‘पाळला’. तसं आता पेठेत हरताळ म्हणतं कोण? ‘कडकडीत बंद’ म्हणतात.

लातूर : उपासही कडकडीतच असतो!