वेब सर्व्हरसाठी नोडचा एक थ्रेड पुरेसा आहे का?

धागाकर्ता: नवी वेब सेवा उभारताना ‘हजारो जोडण्या सांभाळायच्या आहेत, म्हणजे गो भाषाच हवी’ असे गृहीत धरले जाते, ते मला पटत नाही. सर्व्हरचा बहुतेक वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो आणि नुसती वाट पाहायला अनेक थ्रेड (प्रोग्रॅममधले एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह) लागत नाहीत; २००९ मध्ये आलेल्या नोडने (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) एका इव्हेंट लूपवर, म्हणजे आलेली कामे एकामागून एक हातावेगळी करणाऱ्या एकाच चक्रावर, हेच करून दाखवले. शिवाय दोन अवेटांच्या (‘इथे उत्तराची वाट पाहा’ असे सांगणाऱ्या जागांच्या) मधला कोड मध्येच थांबवला जात नाही, त्यामुळे लॉकची (सामायिक डेटाला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून घातलेल्या कुलपांची) कटकट बरीच कमी होते.

प्रतिसाद १: सर्व्हर नुसता वाट पाहत नसतो. आमच्या सेवेत कोणी मोठा अहवाल मागवला की त्याचे जेसन (डेटा पाठवण्याचा मजकूर-साचा) तयार होईपर्यंत बाकीच्या सगळ्या विनंत्या खोळंबत, आणि सेवा जिवंत आहे का हे विचारणाऱ्या प्रकृती तपासणीलाही उत्तर न मिळाल्याने देखरेख यंत्रणा धडधाकट प्रोसेस मेली असे समजून ती पुन्हा सुरू करी. उलट गोमधले गोरूटीन, म्हणजे अगदी हलका थ्रेड, सुमारे २ किलोबाइटच्या स्टॅकवर (कामापुरत्या मेमरीवर) सुरू होते, गोचा रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारी अंतर्गत यंत्रणा) अशी हजारो गोरूटीन प्रोसेसरच्या सर्व कोअरवर वाटतो आणि २०२० च्या १.१४ आवृत्तीपासून लांबलेल्या लूपलाही मध्येच बाजूला सारू शकतो.

धागाकर्ता: तो अहवाल रांगेत टाकून वेगळ्या प्रोसेसमध्ये तयार करायला हवा होता; त्यासाठी भाषा कशाला बदलायची? गोमध्ये दोन गोरूटीनांनी एकाच मॅपमध्ये (किल्ली-मूल्यांच्या तक्त्यात) एकाच वेळी लिहिले तर अख्खा सर्व्हर कोसळू शकतो, आणि अशा टकरी शोधणाऱ्या रेस डिटेक्टर या साधनाला तीच गफलत सापडते जी तो चालू असताना प्रत्यक्ष घडते.

प्रतिसाद २: ‘अख्खा सर्व्हर’ हीच दोन्हीकडची अडचण आहे. एरिक्सनमध्ये टेलिफोन यंत्रणांसाठी घडलेल्या अर्लांग भाषेत, आणि म्हणून तिच्याच यंत्रणेवर चालणाऱ्या एलिक्सरमध्येही, प्रत्येक प्रोसेसची (इथे भाषेतल्या हलक्या प्रोसेसची) हीप, म्हणजे डेटाची मेमरी, वेगळी असते. एक कोसळली तर तिच्यावर लक्ष ठेवणारा सुपरवायझर तेवढीच पुन्हा उभी करतो. व्हॉट्सॲपने २०१२ मध्ये अर्लांगवर एकाच सर्व्हरवर २० लाखांहून अधिक जोडण्या पेलल्या होत्या. जड आकडेमोडीत मात्र या दोन्ही भाषा मागे पडतात (हे आम्ही जरा उशिराच कबूल करतो).

प्रतिसाद १: पण अर्लांगमध्ये प्रोसेसला आलेले संदेश जिथे साठतात त्या मेलबॉक्सला मुळात मर्यादा नसते. घेणारी प्रोसेस मंदावली तर संदेश साचत जातात आणि मेमरी संपली की सुपरवायझरसकट सगळेच जाते. गोमधला चॅनेल (गोरूटीनांमधली संदेशवाहिनी) भरला की पाठवणाऱ्याला थांबावेच लागते. एलिक्सरमध्ये हा आवर आपल्यालाच घालावा लागतो, आणि तो घालायचा राहिला आहे हे बहुधा गर्दीच्या दिवशीच कळते.