खेळ रंगतात, पण त्यातून गणित येतं का खरंच?

त्रिकोणी
मुलगी सहावीत आहे. बरेच दिवस घरी गणिताचे खेळ चालू आहेत, म्हणजे कागदी त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडून शेजारी शेजारी लावले की सरळ रेघ होते ते, मोबियस पट्टी (कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवलेली) मधोमध कापली की दोन न होता एकच लांब पट्टी हातात येते ते, काड्यांची कोडी, सुडोकू वगैरे. मजा येते तिला, स्वतःहून मागे लागते. पण पुस्तक उघडलं की परत तेच, "आई, हे कुठल्या सूत्राने करायचं?" खेळातलं काहीच तिकडे जात नाही. वर नवरा म्हणतो ती खेळ शिकतेय, गणित नाही, आणि मला त्यावर काही बोलता येत नाही. इथून सुरुवात करून कुणी मुलांना (किंवा स्वतःला) बीजगणितापर्यंत नेलंय का? की शेवटी सराव एके सराव? अ‍ॅप सुचवू नका प्लीज, सगळी झालीत.

हातचा एक
पट्टी कापली, "अय्या!" झालं आणि कात्री जागेवर गेली तर तो जादूचा प्रयोग झाला हो. कापायच्या आधी विचारा काय होईल आणि उत्तर वहीत लिहून घ्या, पेनने, म्हणजे खोडता येत नाही. मग विचारा की मधोमध न कापता कडेपासून एक तृतीयांश अंतर ठेवून कापत गेलं तर? (दोन पट्ट्या मिळतात, एकमेकींत अडकलेल्या, एक मूळच्या लांबीची आणि दुसरी दुप्पट.)

माझा सगळ्यात आवडता खेळ वर्तुळावरच्या ठिपक्यांचा. दोन ठिपके घेऊन जोडले की वर्तुळाचे 2 भाग. तीन ठिपके, सगळे एकमेकांना जोडायचे, 4 भाग. चाराला 8, पाचाला 16. आता सहा ठिपक्यांना किती? लहान असो मोठा असो, जो तो 32 म्हणतो. काढा आणि मोजा, 31 येतात! पोरं तीन तीनदा मोजतात, एक भाग कुठे हरवला म्हणून. त्यातून एखाद्याचे 30च भरतात, कारण त्याने ठिपके अगदी सारख्या अंतरावर घेतलेले असतात, मग समोरासमोरच्या ठिपक्यांना जोडणाऱ्या तिन्ही रेघा मध्यावर एकाच बिंदूत भेटतात आणि तिथला चिमुकला त्रिकोण गायब. तुझे 30 कसे आणि माझे 31 कसे यावर दोघं भांडायला लागले की समजायचं गणित सुरू झालं. तोवर नुसती करमणूक.

जुना खडू
वर्गात खूप वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो, मिस्टरांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. सात आठे छप्पनसाठी बोटं मोजणारं मूल कोड्यात अडकतं तेव्हा ते विचारात अडकलेलं नसतं, गुणाकारात अडकलेलं असतं, आणि कंटाळून उठून जातं. पाढे पाठ हवेतच, त्याला पर्याय नाही. पण सराव म्हणजे वजाबाकीची पानंच्या पानं भरणं असंही नाही. कापरेकरांचं 6174 घ्या. देवळालीच्या शाळेतले शिक्षक, 1949 साली त्यांना हे सापडलं. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरते मांडा, चढते मांडा, वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच. 3524 घेतली तर 5432 − 2345 = 3087, मग 8730 − 0378 = 8352, मग 8532 − 2358 = 6174. पुढे 7641 − 1467 परत 6174च. जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं. एका संख्येने सुरुवात केलेलं मूल हातच्याच्या ढीगभर वजाबाक्या करून जातं आणि कुणी करायला लावल्या असं त्याला वाटतही नाही.

रिकामटेकडा
खडू सर, राग मानू नका, पण 6174 सगळेच सांगतात आणि सगळे तिथेच थांबतात. ते का येतं हे सहावीतल्या मुलीला सांगता येईल का? नसेल तर मग हीसुद्धा जादूच, वर हातचा एक म्हणतायत तशी.

जुना खडू
राग कसला, मुद्दा बरोबर आहे. चार अंकीचं पूर्ण कारण तिला जड जाईल. म्हणून तीन अंकी घ्यायची, तिथे सगळं उघडं पडतं. समजा 732, तर 732 − 237 = 495. दुसरी कुठली घेतली तरी फिरून 495वरच येते, तिन्ही अंक सारखे मात्र नकोत. आता कारण. मोठा अंक अ, मधला ब, लहान क धरा. उतरती संख्या 100अ + 10ब + क, चढती 100क + 10ब + अ. वजा केलं की 10ब दोन्हीकडचे उडतात आणि उरतं 99 × (अ − क). म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर उत्तर 99च्या पटीतलंच असणार आणि अशा संख्या फक्त नऊ, 099, 198, 297 पासून 891 पर्यंत. त्या नऊच्या नऊ तपासून बघायला किती वेळ लागतो! 099 वरून 891, तिथून 792, 693, 594 आणि 495. बाकीच्या याच वाटेवर कुठेतरी येऊन मिळतात. झालं, सिद्धता झाली, एकही संख्या सुटली नाही.

त्रिकोणी ताई, तुमचं बीजगणित हेच. फक्त अक्षरं आधी आणू नका. भरपूर उदाहरणं करू दे, उत्तरं एकाखाली एक लिहू दे, मधे दर वेळी 9च का येतो हे तिचं तिने विचारलं की मग अ ब क काढा.

हातचा एक
+1. सूत्र आधी आणि खेळ नंतर बक्षीस म्हणून, असं केलं की दोन्ही वाया जातं.

त्रिकोणी
सगळ्यांना थँक्यू. काल तीन अंकी करायला बसवलं, मी मुद्दाम काही बोलले नाही. थोड्या वेळाने म्हणाली मधला अंक कुठलाही घेतला तरी उत्तर तेच येतंय, मग तो घ्यायचाच कशाला? मी लगेच अ ब क लिहायला घेणार होते पण गप्प बसले, आणि तिने स्वतःच मधल्या अंकाच्या जागी एक चौकोन काढून वजाबाकी केली!! नवरा पेपर बाजूला ठेवून बघत होता, बोलला काही नाही.

पण आता नवीन घोळ. तिने दोन अंकी करून बघितलं आणि ते कुठे थांबतच नाहीये. 9 येतो, मग 81, मग 63... आमचं काही चुकतंय का?

जुना खडू
काही चुकत नाही. 9ला 09 धरा, म्हणजे 90 − 09 = 81, पुढे 63, 27, 45 आणि 54 − 45 परत 9. गोल गोल फिरत राहतं. दोन्ही अंक सारखे असले तर शून्य, नाहीतर याच चक्रात येऊन पडतं. इथे 9 × (अ − क) उरतं, ते तिला काढू दे.

रिकामटेकडा
आता पाच अंकी विचारेल बघा. तीही एका संख्येवर थांबत नाही, चक्रातच अडकते, पण हे तिला आत्ताच सांगू नका.