बायॉप्सी कालबाह्य झाली का?
यकृताचा कडकपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी आल्यामुळे बायॉप्सीची (सुईने यकृताचा तुकडा काढून तपासण्याची) गरज उरलेली नाही, हे मत मला अर्धेच पटते. सुईत येणारा तुकडा संपूर्ण यकृताच्या सुमारे ५०,०००व्या भागाएवढाच असतो, त्यामुळे शेजारची तंतुमयता (यकृतात व्रणासारखे कडक तंतू साचणे) निसटू शकते, हे खरेच. परंतु इलॅस्टोग्राफीचा किलोपास्कल या एककात येणारा कडकपणाचा आकडाही यकृताला सूज असेल, पित्तमार्ग तुंबलेला असेल किंवा नुकतेच जेवण झालेले असेल, तरी वाढतो. चरबीजन्य यकृतदाहावरील रेस्मेटिरॉम या औषधाला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मंजुरी देताना रुग्णाला बायॉप्सीची अट घातली गेली नाही; मात्र रुग्णांवरील ज्या औषधचाचणीवर ती मंजुरी आधारली होती, तिचे निकाल बायॉप्सीनेच जोखले गेले होते.